पंधरा मिलीलिटर

“अंकल, किती दिवस झाले?” असं त्या मुलीनं मला विचारलं, आणि ते अशा आवाजात, की औषधाच्या दुकानात माझ्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जावं. बेलमाँट वस्तीच्या कोपऱ्यावरचं ते दुकान एवढंसं आहे, त्यात पाच माणसं म्हणजे गर्दी. मला काय हवं ते मी घरूनच एका कार्डावर लिहून नेलं होतं. छत्तीस वर्षं वाचनालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकांची कार्डं लिहीत बसल्यामुळे बोलण्यापेक्षा मला कार्ड सोपं जातं. ‘बद्धकोष्ठ. सौम्य औषध हवं. वय पंचाहत्तर.’ एवढं पुरेसं आहे असं मला वाटलं होतं. मुलीनं कार्ड वाचलं, मागं काही आहे का म्हणून उलटून पाहिलं, आणि मग तो प्रश्न विचारला. तिच्या पांढऱ्या कोटावर गजाधर असं आडनाव होतं. मी काउंटरवरच्या पेपरमिंटच्या बरणीकडे पाहत उजव्या हाताची पाचही बोटं वर केली. मागून एक बाई म्हणाली, “पाच? अहो, मग शनिवार येतोच आहे की. शनिवारी सगळं पोर्ट ऑफ स्पेन मोकळं होणार, त्यात तुम्हीही व्हाल.” सगळे हसले. मीही हसलो. मला हसायचं नव्हतं, पण लोक हसतात तेव्हा माझा चेहरा मला न विचारता त्यांच्यात सामील होतो, हा जुना दोष आहे.

शनिवार म्हणजे ऑगस्टचा शेवटचा शनिवार. सोमवारी शाळा उघडतात. सुट्टीभर पोरांनी आंबे, चिंचा, तळलेल्या पिठाचे बेक, काय काय खाल्लेलं असतं, ते सगळं धुऊन काढून स्वच्छ पोटानं त्यांना नव्या वर्गात पाठवायचं, म्हणून त्या सकाळी उपाशीपोटी सोनामुखीचा काढा आणि वर एरंडेल. आमच्या लहानपणी हे घरोघरी होतं. आता शहरात फारसं राहिलेलं नाही, पण आमच्या गल्लीत आहे, आणि ते आमच्या घरामुळे आहे. माझी थोरली बहीण इस्मे ऐंशी वर्षांची आहे, सारी गल्ली तिला टांटी, म्हणजे मावशी, म्हणते, आणि तिच्या हातचा शनिवारचा कप चुकवलेला माणूस मला माहीत नाही. मीही नाही. मला शाळा सोडून साठ वर्षं होत आली, तरी दर ऑगस्टला मी तो कप पीत आलो आहे.

गजाधर हसली नाही. तिनं मला बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि आवाज थोडा उतरवून एकामागून एक विचारत गेली. पोट दुखतं का? नाही. फुगलंय? थोडं. उलटी? नाही. वारा सरतो? मी मान हलवली. रक्त? नाही. गोळ्या कोणत्या? मी खिशातून दुसरं कार्ड काढलं. रक्तदाबाची एक, अंगातलं पाणी काढणारी एक, आणि तीन आठवड्यांपासून गुडघ्यासाठी कोडीन घातलेली एक. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, हाच चोर, यानंच पोट बांधलंय, डॉक्टरांना सांगा. मग तिनं एक बाटली पुढे ठेवली. आत मधासारखं दाट, जवळजवळ बिनरंगी पातळ औषध होतं, आणि बाटलीच्या डोक्यावर प्लॅस्टिकची छोटी मापाची टोपी.

“सकाळी पंधरा, रात्री पंधरा. या टोपीनंच मोजायचं, चमच्यानं नाही. घरातले चमचे खोटं बोलतात. वर पेलाभर पाणी, आणि दिवसभरही पाणी पीत राहायचं. हे आतड्यात पाणी ओढतं, ढकलाढकली करत नाही, त्यामुळे दोन दिवस काही होणार नाही, तीनही लागतील. पोटात गुडगुडेल. होत नाही म्हणून जास्त घ्यायचं नाही, अंकल. तीन दिवसांत काहीच झालं नाही तर डॉक्टर. आणि याच्या जोडीला दुसरा जुलाब नाही, शनिवारचा तर नाहीच. पाण्याच्या गोळीवर आहात तुम्ही. वरून एरंडेल घेतलंत तर अंगातलं पाणी जाईल, क्षार जातील, आणि उभ्या उभ्या कोसळाल.” मी उठायला लागलो तेव्हा तिनं टोपी परत बाटलीवर दाबली आणि म्हणाली, “आणि पोट दुखायला लागलं, उलटी झाली, तर हेसुद्धा नाही. पोट दुखत असताना जुलाब कधीच द्यायचा नाही.”

हे वाक्य मी पूर्वी वाचलेलं होतं. जवळजवळ याच शब्दांत, याच क्रमानं. मी बाटली घेतली आणि बाहेर आलो, दोन्ही कार्डं तिथंच राहिली, आणि नारळवाल्याच्या गाडीपाशी पोहोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की माझा डावा हात माझ्याच उजव्या मनगटाला घट्ट धरून चालला आहे.

ते पुस्तक तांबड्या कापडी बांधणीचं होतं. वडील ज्या डॉक्टरच्या बागेत काम करत त्यानं रद्दीत टाकलं होतं, आणि वडिलांनी ते माझ्यासाठी आणलं, कारण मी छापलेलं काहीही वाचतो हे घरात चेष्टेचं होतं. साबणाचं वेष्टन असो की डॉक्टरी पुस्तक, हॉलीला सारखंच, असं आई म्हणायची. मी नऊ वर्षांचा होतो. त्या सुट्टीत मी ते पुस्तक आंब्याच्या झाडाखाली अथपासून इतिपर्यंत वाचलं, न कळता, नुसत्या शब्दांच्या चवीसाठी. चौऱ्याण्णवाव्या पानावर, डाव्या बाजूला, खालून तिसरी ओळ. ‘पोट दुखत असताना रेचक कधीही देऊ नये.’ रेचक म्हणजे काय हे मी त्याच पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत शोधलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही. पुष्कळ वर्षं मी तसं म्हणून पाहिलं. नऊ वर्षांच्या मुलाला काय कळतं, असं मी स्वतःला समजावत असे, पण नऊ वर्षांच्या मुलाला पान आठवतं, ओळ आठवते, तर मग कळलं नव्हतं हे कुणी मानावं?

कार्लाईल सात वर्षांचा होता, आमच्यातला सगळ्यांत धाकटा. शुक्रवारपासून त्याचं पोट दुखत होतं, आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. तो एका कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता आणि चेष्टा करत होता, की माझ्या पोटात हॉलीनं पुस्तक ठेवलंय, त्याचा कोपरा टोचतोय. शनिवारी सकाळी आई हॉटेलात चादरी धुवायला जाताना इस्मेला सांगून गेली, त्याला थोडं जास्त दे, सुट्टीभराची घाण साचलीय. इस्मे तेव्हा चौदाची. तिनं आईचा निळ्या काठाचा एनॅमलचा कप भरला. कार्लाईल तोंड उघडेना. इस्मेनं त्याचं नाक दाबलं आणि मला म्हणाली, हात धर. मी धरले. त्याची मनगटं पेन्सिलीसारखी होती, दोन एका मुठीत मावतील अशी. माझ्या डोक्यात ती ओळ उभी होती, छापील, स्पष्ट, आणि मी विचार करत होतो की ही मोठ्यानं कशी म्हणायची. इस्मे हसेल. पुस्तकी किडा म्हणेल. तेवढ्यात कप रिकामा झाला. चव जावी म्हणून संत्र्याची फोड त्याच्या तोंडात कोंबली गेली आणि ती तशीच बाहेर आली. सोमवारी शाळा उघडली तेव्हा कार्लाईल हॉस्पिटलात होता, आणि दुपारी नव्हता. आतलं काहीतरी फुटलं, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं. त्या पुस्तकाचं पुढं काय झालं मला आठवत नाही. मीच काहीतरी केलं असणार.

घरी आलो तर इस्मे मागच्या पायरीवर बसून सोनामुखीच्या शेंगा निवडत होती. सुकवलेल्या संत्र्याच्या सालीचा वास सगळ्या अंगणात होता. या वासानं माझ्या जिभेखाली पाणी सुटतं, भुकेचं नव्हे, ओकारीचं, आणि गेली सहासष्ट वर्षं ते मी गिळतो आहे. तिनं माझ्या हातातली पिशवी पाहिली, बाटली काढली, उजेडात धरली आणि हे सरबत कुणाचं म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिला हल्ली ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा सांगावं लागलं. ती म्हणाली की दुकानातलं गोड पाणी पिऊन कुणाचं पोट साफ झाल्याचं तिनं ऐकलं नाही, दोन दिवस थांब, शनिवारी तुला दीड कप देते. मी आत जाऊन खिडकीच्या उजेडात टोपी डोळ्यांच्या रेषेत धरली आणि पंधराच्या खुणेपर्यंत औषध ओतलं. खुणेच्या जरा वर गेलं असं वाटलं. मग खाली आहे असं वाटलं. इतका वेळ मी टोपीकडे पाहत होतो, की इस्मे दारातून म्हणाली, “पी की आता. वाचतोयस काय?”

औषध अतिशय गोड होतं. गुरुवारी रात्री पंधरा, शुक्रवारी सकाळी पंधरा, दर वेळी वर पाणी. पोट दगडासारखंच राहिलं, फक्त त्या दगडाच्या आत कुठंतरी कुणी सामान हलवत असल्यासारखा आवाज येऊ लागला. मी आरामखुर्चीत बसून तो ऐकत राहिलो. शुक्रवारी दुपारी माझा धीर सुटला. मी टोपी दुसऱ्यांदा भरली, म्हटलं, एकदा जादा घेतल्यानं काय होतंय. भरलेली टोपी हातात धरून बसलो आणि मला एक गोष्ट कळली, जी मला फार आधी कळायला हवी होती. माझ्यासारख्या माणसाला स्वतःवर विश्वास नसतो, म्हणून तो दुसऱ्याच्या कपावर विश्वास ठेवतो. मी एरंडेल पीत आलो ते पोटासाठी नव्हे. मी पीत आलो कारण मी प्यायलो नसतो तर इस्मेनं विचारलं असतं, का? आणि त्या प्रश्नाच्या टोकाला चौऱ्याण्णवावं पान होतं. ती पाजायची आणि मी प्यायचो, आणि आम्ही दोघं मिळून दरवर्षी सिद्ध करायचो की या कपात वाईट काही नाही. मी तिचा साक्षीदार होतो, आणि खोटी साक्ष उभं आयुष्य दिली. टोपीतलं औषध मी मोरीत ओतून दिलं. रात्रीचे पंधरा रात्रीच घेतले. एवढीशी गोष्ट, पण मला ती बंडासारखी वाटली, आणि पंचाहत्तराव्या वर्षी माणूस मोरीत औषध ओतून बंड करतो याचं हसूही आलं. पण हसून मी ते लहान करणार नाही. सांगितल्याप्रमाणे मोजून घेणं आणि मग थांबणं, लोक हसत असताना थांबणं, हे सोपं नसतं.

शनिवारी सकाळी शेजारच्या मिसेस डोपसनची तीन नातवंडं रडत-भांडत आमच्या अंगणातून कप पिऊन परत गेली. तिघंही चांगली धडधाकट होती, कुंपणावरून उड्या मारत गेली. मग इस्मे आत आली. निळ्या काठाचा कप, काठाचा टवका उडालेला, आत काळपट काढा आणि वर तेलाची जाड साय. दुसऱ्या हातात संत्र्याची फोड. मी टेबलाशी बसलो होतो. समोर माझी बाटली होती आणि माझ्यापाशी कार्ड होतं. पहाटे उठून मी त्यावर पाण्याच्या गोळीबद्दल, क्षारांबद्दल, गजाधरनं सांगितलेलं सगळं नीट मुद्द्यांनी लिहिलं होतं. ते मी तिच्यापुढे सरकवलं. तिनं कार्डावरच कप ठेवला.

“मी घेणार नाही,” मी म्हणालो.

“काय?”

“घेणार नाही म्हणतो. यंदा नाही, पुढल्या वर्षीही नाही.”

ती खुर्चीत बसली. तिला राग येईल असं मला वाटलं होतं, पण ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली की आईचा कप आहे हा. म्हणाली की सहासष्ट वर्षांत या घरात कुणी हा कप परत केलेला नाही. म्हणाली की ती कोण कालची पोर दुकानात उभी राहून सांगते आणि हॉली ऐकतो, आणि बहीण सांगते ते मात्र विष. विष हा शब्द तिनंच वापरला. जुन्या सवयीनं माझा चेहरा हसू लागला होता, तो मी प्रयत्नानं थांबवला. तेव्हा इस्मे म्हणाली, “बरं. नको ना तुला? वाया नाही घालवायची मी. मीच पिते. माझा घेतलाय, तुझाही घेते.” आणि तिनं कप उचलला.

मी तिचं मनगट धरलं. विचार करून नव्हे. हात पुढे गेला आणि धरून बसला, आणि बोटं मिटली तेव्हा मला ओळख पटली. म्हातारपणानं तिची मनगटं तशीच झाली होती, पेन्सिलीसारखी. तीच पकड होती. तेव्हा कप आत जावा म्हणून धरलं होतं, आता जाऊ नये म्हणून. तिनं ओढलं, मी सोडलं नाही. ऐंशी वर्षांची बाई आणि पंचाहत्तर वर्षांचा पुरुष, स्वयंपाकघरात, एका कपासाठी. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. हसू दे. कप कलंडला, तेल माझ्या बोटांवरून कार्डावर आणि कार्डावरून जमिनीवर गेलं, आणि मी म्हणालो, “मी वाचलं होतं, इस्मे. कार्लाईलच्या वेळी. पोट दुखताना देऊ नये असं त्या तांबड्या पुस्तकात लिहिलेलं होतं. मला माहीत होतं आणि मी त्याचे हात धरले.”

तिनं हात सोडवून घेतला. फडकं आणलं, वाकून जमीन पुसली, मला पुसू दिली नाही. कप धुतला, पालथा घातला. मग तेलकट संत्र्याची फोड हातात घेऊन बाहेर ओसरीवर जाऊन बसली. मी तिथंच बसून राहिलो आणि मला वाटलं की मी एका म्हाताऱ्या बाईला मारलं आहे. सत्य सांगायला उशीर झाला की ते सत्य राहत नाही, नुसता मार होतो, असं मला वाटलं. हेही वाटलं की आता तरी गप्प राहायला हवं होतं. पण कुणाला शंका येऊ नये म्हणून सांगतो, मला पश्चात्ताप झाला नाही. शोधला, सापडला नाही.

अकराच्या सुमारास पोटातलं सामान सरकलं. कळ नाही, घाम नाही, धावाधाव नाही. शनिवारच्या कपानं दरवर्षी मी भिंतीला डोकं टेकून थरथरत असे, दुपारपर्यंत अंगात त्राण नसे, आणि त्यालाच आम्ही साफ होणं म्हणत आलो. हे तसं नव्हतं. कुणीतरी दार ढकलण्याऐवजी कुलूप उघडलं होतं. मी हात धुतले, पेलाभर पाणी प्यायलो आणि ओसरीवर गेलो. इस्मेनं मान वळवली नाही.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं.”

पलीकडच्या अंगणात मिसेस डोपसन दोरीवर शाळेचे गणवेश वाळत घालत होती, आकारानं उतरते तीन सदरे. मग इस्मे बोलू लागली, माझ्याशी नव्हे, त्या सदऱ्यांशी बोलावं तशी. डॉक्टरनं आईला सांगितलं होतं, ती म्हणाली. हॉस्पिटलच्या जिन्यात. तेल दिलंत का, असं विचारलं, आणि आईनं हो म्हटल्यावर तो नुसता चष्मा पुसत राहिला. इस्मे स्वतः दाराआड होती. आईनं तिला कधी सांगितलं नाही आणि तिनं आईला कधी विचारलं नाही.

“मग तू दरवर्षी…” मी म्हणालो.

“दरवर्षी सगळ्यांना पाजते,” इस्मे म्हणाली, “आणि कुणी मरत नाही. म्हणून.”

मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. गुडघा दुखला. तिच्या हातातली फोड सुकून गेली होती आणि तिच्या बोटांना तेलाचा वास येत होता. जणू चौदा वर्षांच्या मुलीचं नाक दाबून कुणीतरी तिला हे पाजलं होतं, आणि ती सहासष्ट वर्षं ते गिळत बसली होती, माझ्यासारखीच, भिंतीच्या पलीकडे. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकांना फक्त कप दिले.

“काय लिहिलं होतं?” तिनं विचारलं. “पुस्तकात. बरोबर शब्द सांग. तुला आठवत असणार.”

मी सांगितलं. माझ्या नेहमीच्या आवाजात, वाचनालयातल्या आवाजात.

“ऐकू नाही आलं.”

मी पुन्हा सांगितलं. तिनं कानामागे हात धरला आणि मान हलवली.

“मोठ्यानं बोल, हॉली. मला ऐकायचंय.”

तेव्हा मी उठून उभा राहिलो. कठड्याला धरलं. मिसेस डोपसनचा हात दोरीवर थांबला होता, तिची नातवंडं कुंपणाशी आली होती, रस्त्यानं जाणारा एक माणूस वळून पाहत होता, आणि मी चौऱ्याण्णवाव्या पानावरची खालून तिसरी ओळ, शब्दन् शब्द, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटली. मग पुन्हा एकदा म्हटली, कारण ती पोरं अजून कुंपणाशी उभी होती.